टायर प्रेशरचा दिवा: ‘सेट’ दाबून विझला, पण हवा कमीच होती

गाडी २०२२ सालची पेट्रोल कॉम्पॅक्ट एसयूव्ही, ट्यूबलेस टायर २०५/६० आर१६. मुक्काम सातारा, शाहूपुरी. रोजचं जाणं-येणं सातारा ते कराड, राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून. सुट्टीच्या दिवशी कास नाहीतर महाबळेश्वर. महिना डिसेंबर. तक्रार अशी की डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा, तो नालेच्या आकारात उद्गारचिन्ह असलेला, घरी ‘सेट’ करून विझवला तरी काही दिवसांनी परत लागतो. शेवटी तर चारही चाकांत हवा भरूनही तो जाईना. एका गॅरेजने “चाकातला सेन्सर गेलाय, बदलावा लागेल” असं सांगून टाकलं होतं.

दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे या गाडीला तीन माणसांपर्यंत चारही चाकांत ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा लागते. पाच माणसं आणि सामान असेल तर पुढे ३३ आणि मागे ३६. हे आकडे थंड टायरचे आहेत, आणि निम्मा घोळ या एका शब्दापाशी झाला.

दिवा लागण्याआधीचे आणि नंतरचे दिवस

रविवारी दुपारी गाडी पुण्याहून आली. खंबाटकी ओलांडल्यावर एका पंपावर थांबून चारही चाकांत ३३ हवा भरून घेतली. मशीनवर ३३ लावलेले, पंपावरच्या पोराने नळी लावली, बीप वाजला, काम झालं. पण दोन तास महामार्गावर पळालेल्या टायरमधली हवा त्या वेळी ५० अंशांच्या आसपास तापलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्यात तापमान १४ अंश होतं. तापलेल्या हवेचे ३३ म्हणजे १४ अंशांना जेमतेम २८. गळतीचा संबंध नसताना पाच पीएसआय कमी झाले, कारण ते भरलेच गेले नव्हते. साधा हिशोब लक्षात ठेवायचा तर तापमान १० अंशांनी खाली आलं की दीड पीएसआय जातो.

त्यातच मागच्या डाव्या टायरमध्ये बारीक गळती होती, दिवसाला सुमारे दीड पीएसआय. सोमवारी सकाळी तीन चाकं २८ वर, हे २७ वर. गुरुवारी सकाळी ते साडेबावीसवर आलं आणि दिवा लागला. गाडीमालकांनी उतरून चारही टायर पाहिले, पायाने दाबून पाहिले, सगळे ठीक वाटले. वाटणारच. रेडियल टायरची बाजू पुरेशी हवा असतानाही थोडी फुगलेली दिसते. ३३ आणि २३ मधला फरक डोळ्याला कळत नाही, लाथ मारून तर मुळीच नाही. मग स्क्रीनवर जाऊन ‘सेट’ दाबलं. दिवा विझला आणि गाडी कराडला गेली.

पुढच्या रविवारी सकाळी यवतेश्वरच्या घाटात, गाडीत चौघं असताना, दिवा परत लागला. तोपर्यंत ते चाक १८ वर आलं होतं. खाली आल्यावर पंपावर चारही चाकांत पुन्हा ३३ भरली, पुन्हा गरम टायरमध्येच. या वेळी ‘सेट’ मात्र दाबलं नाही, कारण हवा भरली म्हणजे दिवा आपोआप जाईल असा समज होता. दिवा गेला नाही. तिथून “सेन्सर गेलाय” हे निदान आलं.

या गाडीच्या चाकात सेन्सर नाहीच

टायरचा दाब सांगणाऱ्या यंत्रणा दोन जातीच्या असतात. थेट पद्धतीत प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या आतल्या बाजूला, बॅटरीवर चालणारा छोटा सेन्सर असतो; तो खरा दाब मोजून रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो. स्क्रीनवर चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसत असतील तर गाडी या जातीची. ह्युंदाई क्रेटाचं उदाहरण घेता येईल. अप्रत्यक्ष पद्धतीत चाकात काहीच नसतं. एबीएससाठी, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेसाठी, प्रत्येक चाकाला फेरे मोजणारा सेन्सर असतोच, त्याच्याकडूनच गाडी अंदाज बांधते. फोक्सवॅगन टायगुन आणि स्कोडा कुशाक या प्रकारातल्या. इथे आकडे दिसत नाहीत. नुसता दिवा आणि मेन्यूत ‘सेट’ची सोय. काही गाड्यांत ग्लोव्हबॉक्समध्ये किंवा स्टिअरिंगच्या डाव्या-उजव्या बाजूला खाली ‘सेट’चं बटण असतं.

आपली गाडी अप्रत्यक्ष जातीची. हवा कमी झाली की टायर किंचित बसतो, त्याची फिरती त्रिज्या घटते आणि तेवढंच अंतर कापायला त्या चाकाला थोडे जास्त फेरे मारावे लागतात. २०५/६० आर१६ टायर किलोमीटरला साधारण ५०० फेरे घेतो. हवा पाचव्या हिश्शाने कमी झाल्यावर पडणारा फरक किलोमीटरमागे एक-दोन फेऱ्यांचा असतो. एवढा बारीक फरक वळणं, खड्डे, ब्रेक यांच्या गोंधळातून वेगळा काढायचा, म्हणून यंत्रणा बराच वेळ सरासरी घेत राहते आणि आधी शिकून ठेवलेल्या नमुन्याशी ती ताडून पाहते. तो नमुना शिकवण्याचं बटण म्हणजे ‘सेट’.

म्हणजे ‘सेट’ नुसता दिवा विझवत नाही. “आत्ता चाकांत जी हवा आहे ती बरोबर आहे, यापुढे हीच प्रमाण धर” असं ते गाडीला सांगतं. गुरुवारी सकाळी गाडीला साडेबावीस प्रमाण म्हणून शिकवले गेले. इशारा साधारण वीस-पंचवीस टक्के घसरण झाल्यावर येतो. ३३ वरून वीस टक्के म्हणजे २६ च्या आसपास. (गुरुवारी तो साडेबावीसवर आला, कारण तुलनेची बाकी चाकंही २८ वर उतरलेली होती.) साडेबावीसवरून वीस टक्के म्हणजे थेट १८. पहारेकरी जागाच होता, पण त्याची चौकी आठ पीएसआय खाली नेऊन ठेवली होती. मधले तीन दिवस गाडी महामार्गावर ज्या टायरने धावली, त्याची इशारा द्यायची सीमा मालकांनी स्वतःच्या हाताने हलवलेली होती.

रविवारी हवा भरल्यावर दिवा का गेला नाही, तेही यातूनच उलगडतं. गाडीच्या नमुन्यात मागचं डावं चाक इतरांपेक्षा जास्त फेरे घेणारं म्हणून नोंदलेलं. आता चारही चाकं सारखी झाली, म्हणजे नमुन्याशी पुन्हा जुळेनात. गाडीला वाटलं, बाकीच्या चाकांत काहीतरी बिघडलं. सेन्सर बदलायला चाकात सेन्सर हवा ना! एबीएसचा सेन्सर बिघडला असता तर एबीएसचा दिवाही लागला असता.

जाता जाता आणखी एक. आठवडाभर बाकीची तीन चाकं २८ वर होती आणि त्याबद्दल यंत्रणा अवाक्षर बोलली नव्हती. सगळी चाकं मिळून सारखीच उतरली तर चाकांची आपापसांत तुलना करणाऱ्या यंत्रणेला ते सहसा कळत नाही. टायरच्या थरथरीवरूनही अंदाज घेणाऱ्या नव्या यंत्रणा यात थोड्या बऱ्या आहेत, तरी महिन्यातून एकदा गेज, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, लावण्याला पर्याय नाही.

सोमवारी सकाळी घरी केलेलं काम

रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी सातची वेळ, अजून ऊन पडलेलं नाही. थंड टायर म्हणजे निदान तीन तास उभी असलेली किंवा दोनेक किलोमीटरच्या आतच चाललेली गाडी. एका बाजूला ऊन आणि दुसरीकडे सावली असेल तरी त्या बाजूंच्या आकड्यांत दोनेक पीएसआयचा फरक दिसू शकतो, म्हणून ही वेळ.

डिजिटल गेजने घेतलेले आकडे असे: पुढचं उजवं २८, पुढचं डावं २८, मागचं उजवं २८, मागचं डावं २६. आदल्या दिवशी चारहींत ३३ भरूनही डावं मागचं दोनने मागे. रात्रीच्या गळतीने एक गेला. दुसऱ्याचं कारण असं की कमी हवेवर धावलेलं चाक इतरांपेक्षा जास्त तापतं, आणि ज्यात जास्त तापलेले ३३ भरले ते थंड झाल्यावर जास्त उतरतं.

आधी गळती शोधायची, मग हवा भरायची, ‘सेट’ सगळ्यात शेवटी. हा क्रम बदलला की रविवारची कथा पुन्हा सुरू होते.

गळतीसाठी लागतं ते घरात असतंच: अर्धा लिटर पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचं एक चमचा, फवाऱ्याच्या बाटलीत. पहिल्यांदा व्हॉल्व्हचं टोपण काढून तोंडावर थेंब टाकायचा. बुडबुडा फुगत राहिला तर आतली पिन ढिली किंवा खराब. पिन फिरवायची छोटी चावी सायकलच्या दुकानातही मिळते. पाव फेरा घट्ट करून थांबायचं, जोर लावला तर पिनेचं रबर चिरतं. मग व्हॉल्व्ह रिमला भिडतो तो बुंधा, तिथलं रबर चार-सहा वर्षांत वाळतं. मग रिमची कडा पूर्ण गोल, कारण खड्ड्यात आपटून रिम वाकली असेल किंवा कडेला माती-गंज साचला असेल तर तिथून हळूहळू झिरपतं. शेवटी टायरची नक्षी. गाडी हातभर पुढे ढकलून जमिनीला टेकलेला भागही बघायचा.

इथे व्हॉल्व्ह कोरडा, रिमही ठीक. नक्षीच्या आतल्या खाचेत मात्र बारीक फेस येत राहिला आणि त्याखाली चपट्या डोक्याचा खिळा सापडला, बैलांना पत्र्या ठोकतात त्यातला. ऊस गाळपाच्या हंगामात कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर बैलगाड्या आणि ट्रॉल्या सुरू झाल्या की असे खिळे आणि तारेचे तुकडे टायरवाल्यांना नवे नाहीत. खिळा घरी उपटायचा नाही. तोच बूच होऊन बसलेला असतो. काढला तर दिवसाला दीड पीएसआयची गळती मिनिटांवर येते.

हे चाक १८ पर्यंत उतरलेलं असताना चौघांना घेऊन चाललं होतं, म्हणून बाहेरून रबरी स्ट्रिप ठासून मोकळं होणं इथे पुरेसं नव्हतं. टायर रिमवरून उतरवून आतून पाहणं गरजेचं होतं. कमी हवेवर बराच वेळ पळालेल्या टायरच्या आत बाजूच्या भिंतीवर काळपट घासलेला पट्टा आणि रबराचा चुरा दिसतो. तो दिसला तर टायर टाकून द्यायचा, पंक्चर काढायचा नाही. इथे आत स्वच्छ निघालं, बहुधा घाटातला वेग कमी होता म्हणून. खिळ्याचं छिद्र नक्षीच्या भागात आणि ६ मिलिमीटरच्या आत होतं, तेव्हा आतून मशरूम प्लग, म्हणजे छत्रीसारख्या डोक्याचं रबरी बूच, बसवून घेतला. स्ट्रिपपेक्षा त्याला पैसे जास्त पडतात आणि काही टायरवाले टाळाटाळ करतात, कारण टायर उतरवावा लागतो. आग्रहाने मागायचा. छिद्र बाजूच्या भिंतीत असतं तर दोन्हींपैकी काहीच चालत नाही.

बाटलीतलं पंक्चर लिक्विड या गाडीत टाकलं असतं तरी दिवा फसला नसता. पण थेट सेन्सरच्या गाडीत ते सेन्सरच्या छिद्रात जाऊन बसू शकतं, म्हणून तिथे गाडी कंपनीने चालेल असं सांगितलेलंच लिक्विड वापरावं आणि तेही अडलं तरच.

हवा आणि मग ‘सेट’

मंगळवारी सकाळी टायर थंड असताना १२ व्होल्टच्या इन्फ्लेटरने हवा भरली. हे यंत्र लायटरच्या सॉकेटवर दहाएक अँपिअर ओढतं, म्हणून इंजिन चालू ठेवायचं, गाडी बंद गॅरेजमध्ये नको. २८ वरून ३३ ला एका चाकाला दोन-तीन मिनिटं लागतात. दोन चाकं झाली की यंत्राला विश्रांती द्यायची, सलग दहा मिनिटं पळवलं तर ते तापून बंद पडतं. नळी आट्यांची असेल तर सोडवताना अर्धा-एक पीएसआय निघून जातो, त्यामुळे ३४ वर थांबायचं आणि स्वतःच्या गेजने ३३ वर आणायचं. एकाच गेजवर विश्वास ठेवायचा. पंपाचं मशीन आणि घरचा गेज यांत दोन पीएसआयचा फरक निघणं अगदी नेहमीचं आहे.

घरी इन्फ्लेटर नसेल तर पंपावर जाऊनही थंड हिशोबाने भरता येतं. सकाळी घरी प्रत्येक चाकाची तूट लिहून घ्यायची. समजा २८ आहेत आणि ३३ हवेत, तूट पाच. पंपावर पोचेपर्यंत गेज ३० दाखवू लागला तर ३३ नव्हे, ३५ भरायचे. तूट तेवढीच राहते, पाया सरकलेला असतो. आणि प्रवासात गरम टायर ३७ दाखवतो म्हणून हवा कमी करायची नाही. तो आकडा अपेक्षितच आहे. नायट्रोजन भरल्यानेही यात फार फरक पडत नाही. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि थंडीत तोही तसाच आकसतो.

मग ‘सेट’. गाडी सपाट जागी उभी, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन चालू. स्क्रीनवर गाडीच्या मेन्यूत टायरचं पान, तिथे ‘सेट’, मग “चारही टायरचा दाब बरोबर आहे का” अशा अर्थाचा प्रश्न, त्याला होकार. हा प्रश्न वाचण्यासाठी असतो. बटणाची गाडी असेल तर बीप येईपर्यंत किंवा दिवा दोन-तीनदा लुकलुकेपर्यंत बटण दाबून धरायचं. दिवा लगेच जातो, पण शिकणं तेव्हा कुठे सुरू होतं. गाडीनुसार २० मिनिटं ते तासभर चालवल्यावरच नमुना पक्का होतो, आणि त्या काळात वेगवेगळे वेग मिळाले पाहिजेत. कासचा किंवा पसरणीचा घाट यासाठी वाईट, कारण सततच्या वळणांत आतल्या-बाहेरच्या चाकांचे फेरे वेगळे पडतात. ही गाडी महामार्गावर नागठाणे-उंब्रजकडे ६० ते ९० च्या वेगात नेऊन आणली.

आठवड्याने थंड आकडे चारही चाकांत ३३ च्या अर्धा पीएसआय आतबाहेर. दिवा बंद. महिन्याला एखाद-दुसरा पीएसआय रबरातूनच जातो, त्याला गळती म्हणत नाहीत.

असाच दिवा, पण कारण वेगळं

इग्निशन लावल्यावर दिवा मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर होत असेल तर हवेचा प्रश्न नाही, यंत्रणाच बिघडली आहे. थेट सेन्सरच्या गाडीत बहुतेक वेळा बॅटरी संपलेली असते. ती साधारण पाच ते दहा वर्षं चालते, सीलबंद असते आणि पूर्ण सेन्सर बदलावा लागतो. नव्या सेन्सरचा क्रमांक बहुतेक गाड्यांना स्कॅनरने कळवावा लागतो, ते घरचं काम नव्हे. सुरुवातीपासून स्थिर दिवा म्हणजे हवा.

थेट सेन्सरच्या गाडीत बहुधा ‘सेट’ शोधायचीच गरज नसते. थंड हवा बरोबर भरा आणि पाच-दहा मिनिटं चालवा. उभ्या गाडीत सेन्सर झोपलेले असतात, चाक फिरलं की जागे होऊन नवा आकडा पाठवतात.

स्टेपनी लावल्यावर अप्रत्यक्ष यंत्रणेचा दिवा लागणं साहजिक. पुष्कळ गाड्यांत ती लहान मापाची असते. १९५/६५ आर१५ ची स्टेपनी २०५/६० आर१६ पेक्षा जवळजवळ तीन टक्क्यांनी लहान भरते. ज्या यंत्रणेला टक्क्याच्या काही दशांशांचा फरक कळतो तिच्यासाठी हा धक्काच. तेव्हा ‘सेट’ दाबू नका, मूळ चाक परत लावल्यावर दाबा. २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, दुरुस्ती किट आणि ही यंत्रणा असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही, त्यामुळे काही गाड्यांत हा दिवाच काय तो आधार.

बॅटरीची वायर काढून ठेवणं, फ्यूज ओढणं हे उपाय सुचवणारे पुष्कळ भेटतात. त्याने घड्याळ आणि काचांची ऑटो सेटिंग जाते. खिळा टायरमध्येच राहतो.

या गाडीपुरतं दोन गोष्टी पुढे सांभाळायच्या आहेत. पाच जण आणि सामान घेऊन जाताना मागे ३६ केले तर ‘सेट’ पुन्हा दाबावं लागेल, आणि परतल्यावर ३३ केले की परत एकदा. महाबळेश्वरी हवा तपासली तर उंचीमुळे गेज साताऱ्यापेक्षा सुमारे एक पीएसआय जास्त दाखवेल. वर गारठा असेल तर तो फरक तापमानातच जिरून जातो, म्हणून तपासायची ती घरीच. आणि डिसेंबरात १४ अंशांना भरलेले ३३ एप्रिलच्या २५ अंशांच्या सकाळी पावणेपस्तीसच्या घरात दिसतील, अर्थात मधल्या महिन्यांत झिरपलं तेवढं वजा करून. तेव्हा थंड टायरमध्ये पुन्हा ३३ वर आणून ‘सेट’ दाबायचं, चारही चाकांना गेज लावून झाल्यावर.